नाल्याशेजारचा मायनर
लेखमाला : पदवीचे नवे गणित, भाग ५

गेल्या आठवड्यात क्रेडिटचा हिशेब मांडला होता. त्यातला आज लागणारा भाग एवढाच : अभियांत्रिकीत पूर्वी १६० क्रेडिटच्या डोक्यावर आणखी १८ ते २० क्रेडिट केली, तर मायनर पदरात पडायचा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्याने बहुविद्याशाखीय मायनर पदवीतच बसवला, १४ क्रेडिटचा. तासिकेच्या एका क्रेडिटला १५ तास धरले तर झाले २१० तास. हे तास कुठे घालवायचे, हा आजचा प्रश्न. आणि तो विचारायला हिंगणा रोडसारखी जागा नाही. डिगडोहपासून वानाडोंगरीपर्यंत कॉलेजे, होस्टेल, मेस यांची रांग, आणि त्यांना खेटूनच एमआयडीसी.

मायनर निवडताना मुले डेटा सायन्सकडे धावतात. पर्यावरण म्हटले की चेहरा पडतो. ‘ते तर पास व्हायचा विषय आहे ना जी?’ यात मुलांचा दोष कमी आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्याचा रस्ता मोकळा झाला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदव्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी लिहिले. पेशाने ते शल्यविशारद आणि मनाने जंगलातले. पुस्तक चांगलेच होते. पण सगळ्यांना सारखा, सगळ्यांना थोडा, असा विषय शेवटी फाइलपुरता उरतो. ओझोनचा थर, जैवविविधतेचे प्रकार, एक प्रकल्प. तोही मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवलेला.

मायनर वेगळा ठरू शकतो, तो तासांमुळे. २१० तासांत माणूस एका पाण्यामागे शेवटपर्यंत जाऊ शकतो.

हिंगण्यात तर पाण्याच्या दोन वाटा आहेत. हिंगणा गाव वेणेच्या काठावर. वेणा पुढे हिंगणघाटवरून वर्धा नदीला मिळते. पण एमआयडीसीच्या बाजूचे काही पाणी उलट, नागपूरकडे, अंबाझरी तलावात उतरते. तिथून नाग नदी, मग कन्हान, मग वैनगंगा आणि गोसीखुर्दचा जलाशय. वर्धा आणि वैनगंगा यांची प्राणहिता होते, तिथे जाऊन हिंगण्याची ही दोन पाणी पुन्हा भेटतात. वाडी आणि एमआयडीसी परिसराचे सांडपाणी अंबाझरीत येते, ही तक्रार जुनीच. तलावावर पसरणारी जलपर्णी सगळ्या नागपूरने पाहिली आहे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे हाच तलाव ओसंडला आणि डागा लेआउटमध्ये माणसे घराच्या छतावर चढली. पाणलोट क्षेत्र, सांडवा, नदीपात्रातली बांधकामे हे शब्द त्या दिवशी पुस्तकातून रस्त्यावर आले. हिंगणा रोडवरच्या मायनरने हे सोडून ॲमेझॉनचे जंगल शिकवावे, याला काय म्हणायचे?

प्रयोगशाळेत काय घडते, तेही पाहू. नाल्याचे पाणी ३०० मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता भरायचे. त्यात मँगनीज सल्फेट घालायचे, मग आयोडाइडचे अल्कधर्मी द्रावण. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. साका पांढराच राहिला, तर त्या पाण्यात मासा जगणार नाही. तपकिरी साका आम्लात विरघळवायचा, स्टार्चने निळा करायचा आणि थायोसल्फेटचे थेंब सोडत निळेपणा जाईपर्यंत मोजायचे. तशीच दुसरी बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायची आणि प्राणवायू किती घटला ते पाहायचे. हाच बीओडी. अनेक देशांत हे २० अंशांवर पाच दिवस करतात. आपल्या उष्ण हवामानाला तीन दिवस पुरतात. कारखान्याने नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी बीओडीची सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरमागे ३० मिलिग्रॅम. कॉम्प्युटरच्या मुलाने एकदा स्वतः तो साका पांढरा राहिलेला पाहिला, की ३० हा आकडा त्याला पाठ करावा लागत नाही.

याला जोडून भांडेवाडी बघावी. तिथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. प्रकल्पाची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटर. पंप आणि पाइपलाइन मेकॅनिकलची, जिवाणूंचे काम केमिकलचे, टाक्या सिव्हिलच्या, पाण्याचा दर आणि करार हिशेब जाणणाऱ्याचे. एकाच शाखेच्या माणसाला तो प्रकल्प पुरता कळत नाही, आणि मायनरला ‘बहुविद्याशाखीय’ का म्हणतात ते मात्र तिथे नीट कळते.

आता पालकांचा प्रश्न : नोकरीचे काय? ‘पर्यावरण अधिकारी’ या नावाच्या जागा थोड्या आहेत आणि त्यांना बहुधा पूर्ण पदवी लागते. मायनरवाल्याचा उपयोग दुसरीकडे आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३पासून वीज, पाणी, कचरा, उत्सर्जन यांचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. मोठ्या कंपन्या हे आकडे आता पुरवठादारांकडेही मागू लागल्या आहेत. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, भोवती लहान युनिटे आहेत. लहान युनिटात यासाठी वेगळा माणूस ठेवणे परवडत नाही. प्रॉडक्शन सांभाळणाऱ्यालाच पाण्याचे मीटर वाचून ताळेबंद मांडता आला, तर मालकाला तो हवाच असतो. मला विचाराल तर मायनरची खरी किंमत इथे आहे.

म्हणून प्रवेश घेताना विषयांची नावे वाचून भुलू नका. ‘शाश्वतता’ हा शब्द चार विषयांत घालणे सोपे असते. फील्डवर्कला किती तास, नमुना कुठल्या नाल्याचा आणि शिकवायला किती शाखांचे प्राध्यापक, हे विचारा.

नमुना कधी घेणार, हेही विचाराच. सत्र सुरू होते पावसाळ्यात, तेव्हा नाला भरून वाहत असतो आणि आकडे सभ्य येतात. मे महिन्यात धार आटते, उरते ते सांडपाणीच, आणि नेमकी तेव्हा मुले सुटीला गावी गेलेली असतात. उन्हाळी इंटर्नशिपची क्रेडिट या कामाला जोडून दिली, तर दोन-चार मुले तरी ४५ अंशांत बाटल्या घेऊन थांबतील.