वृक्षमंडूकाचे फेनगृह

निलगिरीच्या शीतल गिरिप्रवाहांत प्रजनन करणाऱ्या वृक्षमंडूकांचा एक सगोत्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या उष्ण अरण्यातही नांदतो; शास्त्रज्ञ त्यास ‘पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस’ म्हणतात. ग्रीष्मात पारा ४५ अंशांपलीकडे गेला, की हा प्राणी त्वचेतून स्रवणारा स्निग्ध लेप पायांनी सर्वांगास चोळून अंगची ओल राखतो आणि न्हाणीत, रांजणाआड, हातपाय पोटाशी घेऊन निश्चल बसतो. त्याला विषारी समजून मारणे हा घोर अन्याय होय.

विणीसाठी मात्र त्याची मदार वाहत्या नव्हे, तर साचल्या पाण्यावर. पावसाने जोर धरताच पाठीवर नर घेतलेली मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसून आपला स्राव मागील पायांनी ताकासारखा घुसळते आणि त्या शुभ्र फेसात अंडी घालते. फेस बाहेरून सुकतो, आतून ओला राहतो. काही दिवसांनी तो विरघळला, की भैकेर, म्हणजे बेडकाची पिल्ले, थेट खालच्या पाण्यात ठिबकतात. मालगुजारांनी सिंचनासाठी बांधलेले आणि मालगुजारी रद्द झाल्यावर सरकारजमा झालेले ‘मामा’ तलाव या कामी फार सोयीचे. मात्र पाळीवरचा झाडोरा ऐन पावसाळ्यात सरसकट छाटला, तर फेनगृहास आधारच उरत नाही.