पडून असलेली गिअरची सायकल कमाईला लावा

जव्हार-मोखाड्याच्या बाजूला धंदा करणाऱ्याला वाहतुकीचा खर्च चुकत नाही. या दोन्ही तालुक्यांतून रेल्वे जात नाही. माल काय आणि माणूस काय, रस्त्यानेच ये-जा करतो. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर. कोणत्याही दिशेने निघा, चढ-उतार ठरलेलाच. पेट्रोल, गाडीचा हप्ता किंवा जीपचे भाडे मोठ्या दुकानदाराला फारसे जाणवत नाही. पण गाठोडे घेऊन पाड्या-पाड्यावर कापड विकणारा फेरीवाला, हत्यारांची पिशवी घेऊन निघणारा सुतार, शिलाईचे काम गोळा करणारा शिंपी, यांच्या रोजच्या कमाईला तो खर्च थेट कात्री लावतो. आणि यांच्यापैकी कित्येकांच्या पडवीत मुलासाठी हौसेने घेतलेली जाड टायरची, गिअरची सायकल गंजत पडलेली असते. ती कामाला कशी लावावी, पैसा कोठे घालावा आणि कोठे घालू नये, याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

जुन्यातूनच जन्म

ही सायकल मूळची अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची. १९७०च्या दशकात तेथील मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, वजनदार, फुगीर टायरच्या सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावर पळवीत असत. १९७७मध्ये जो ब्रीझ याने त्या कामासाठी खास सायकल बांधली आणि पुढे कारखाने त्यात उतरले. आपल्याकडे हिरो कंपनीच्या ‘रेंजर’चे नाव इतके रुळले की अशी कोणतीही सायकल लोकांच्या तोंडी रेंजरच झाली. जुन्या सायकलीत फेरफार करूनच ही जात जन्मली. आज तिच्यात फेरफार करण्यात कमीपणा कसला?

आधी पारख, मग खर्च

हँडलखालच्या आणि पायडलजवळच्या सांध्यांवर रंगात बारीक रेघ दिसली तर ती तडा असू शकते. अशी फ्रेम ओझ्याला घेऊ नये. चिमटा वाकला आहे का, तेही पाहावे. मागे स्प्रिंग असलेल्या सायकलीवर नेहमीचे कॅरियर नीट बसत नाही, म्हणून ती आहे तशी विकून टाकलेली बरी. त्यानंतर कारागिराकडून सुटे भाग व मजुरी यांचा अंदाज घ्यावा. तो नव्या साध्या सायकलीच्या निम्म्या किमतीपुढे जात असेल तर हात आवरावा, असे आमचे मत आहे.

टायरचा पन्हा

कापडाचा पन्हा न पाहता थान उचलणारा व्यापारी फसतो. टायरचेही तसेच आहे. गिअरच्या जुन्या सायकलीच्या टायरवर २६ × १.९५ किंवा २६ × २.१२५ असे लिहिलेले असते, तर साध्या सायकलीच्या काही टायरवर २६ × १ ३/८ असते. दोन्ही ‘सव्वीस’च, पण पहिला ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो आणि दुसरा ५९० च्या. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. दुकानात ‘सव्वीसचा टायर द्या’ एवढेच न म्हणता बाजूवर छापलेला पूर्ण आकडा दाखवावा.

जाड गुट्ट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर ताकद खातात आणि आवाज करतात. फक्त डांबरी रस्त्याने जाणाऱ्याने २६ × १.५ किंवा १.७५ चा गुळगुळीत टायर घालावा. पण पाड्याकडे वळणारी वाट पावसाळ्यात चिखलाची होते. तेथे जाणाऱ्याने मधोमध सपाट आणि कडेला गुट्ट्या असलेला टायर घ्यावा. हवा टायरवर छापलेल्या मर्यादेत, पण भरपूर ठेवावी.

गिअर काढून टाकू नका

‘गिअर म्हणजे कटकट, एकच चक्र ठेवा,’ असा सल्ला सर्रास मिळतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याला तो ठीक आहे, घाटात ओझे नेणाऱ्याला नाही. हिशेब सोपा आहे. पुढे ४८ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. पुढे २८ आणि मागे २८ असतील तर जेमतेम दोन मीटर. सपाटीवर पहिली जोडी उत्तम. पण मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना लागणाऱ्या तोरंगण घाटासारख्या चढावर दुसरीच तारते. पुढचा गिअर बदलणारा भाग बिघडला असेल तर तो काढून टाकावा आणि चढाच्या पायथ्याशी थांबून चेन हाताने लहान चक्रावर घ्यावी. चेन बदलताना गिअरचीच घ्यावी. साध्या सायकलीची चेन रुंद असल्याने मागच्या दात्यांवर नीट चालत नाही.

ब्रेकमध्ये काटकसर नको

रंग, स्टिकर, नवे हँडल यांवरचा पैसा वाचवा आणि ब्रेकवर घाला. क्रोमच्या लोखंडी रिमवर पाणी पडले की ब्रेकची पकड फार कमी होते, आणि या भागात पावसाचे चार महिने धो-धो पाऊस असतो. शक्य असल्यास निदान पुढची रिम अ‍ॅल्युमिनियमची घालावी. दोन्ही बाजूंचे ब्रेक रबर व केबल नव्या घ्याव्यात. रबर रिमलाच टेकले पाहिजे, टायरला घासता कामा नये. पावसात उतारावर ब्रेक आधीपासूनच हलके लावून रिम पुसून घ्यावी. वळणावर पोहोचून एकदम दाबू नये.

ओझे कसे बांधावे

मजबूत कॅरियर, दोन्ही मडगार्ड, स्टँड, घंटी आणि मागचा लाल दिवा एवढे आवश्यकच. गाठोडे कॅरियरवर उंच रचण्यापेक्षा दोन्ही बाजूंना पिशव्या करून खाली ठेवावे. उंच ओझ्याने चढावर पुढचे चाक हलके होते. मात्र पायडल मारताना टाच पिशवीला लागत नाही, याची खात्री करावी.

कारागिरांना संधी

सायकल दुरुस्तीच्या आमच्या कारागीर बांधवांना एक सूचना करावीशी वाटते. पंक्चरच्या तुटपुंज्या कमाईवर बसून राहू नये. ओव्हरऑईल, चाकाचा आऊट काढणे, टायर, ब्रेक, मडगार्ड व कॅरियर असे पूर्ण काम ठरावीक दरात करून द्यावे. दर फळीवर लिहावा आणि काढलेले जुने भाग गिऱ्हाईकाला परत दाखवावेत. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकल व तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. भाग खरेदी करताना त्याचा लाभ बिलात मिळतो की नाही, ते तपासावे आणि गिऱ्हाईकालाही द्यावा.

गिऱ्हाईकांनीही मजुरीत घासाघीस करू नये. घाटातल्या उतारावर आपला जीव आणि आपला माल त्या कारागिराने आवळलेल्या ब्रेकच्या नटावर असतो. आधी पाच-सहा दिवस रिकाम्या सायकलीने रोजचा रस्ता करून पाहावा, सैल झालेले नट पुन्हा आवळून घ्यावेत, आणि मगच ओझे लादावे.