तळ्याच्या तळाशी सारसबाग

शहादा, तळोदा, नंदुरबारची कितीतरी मुलं पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत असतात. त्यांना भेटायला गेलेल्या आईवडिलांचा कार्यक्रम ठरलेला: दगडूशेठ, शनिवारवाडा आणि संध्याकाळी सारसबागेत भेळ. यंदा त्यात एका ओढ्याची भर घाला. ओढा धरून निघालं, की पुण्यातल्या बागा एकमेकींपासून सुट्या राहत नाहीत.

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि अरण्येश्वर, दांडेकर पूल या बाजूने येत मुठेला मिळतो. पूर्वी तो पेठांच्या अंगाने वाहायचा. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळवला. १७५० च्या सुमारास त्यांनी कात्रजला तलाव बांधले आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास ठेवले, पेठांमध्ये हौद बांधले. पंप नाही, वीज नाही. सगळा भरवसा उतारावर.

पर्वतीच्या पायथ्याशीही नानासाहेबांनीच मोठं तळं करवलं. मध्ये बेट राखलं, त्यावर बाग केली. या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात सिद्धिविनायकाची स्थापना झाली. पेशवे तेव्हा दहा वर्षांचे होते, म्हणजे कारभार त्यांच्या हाती नव्हता हे सांगायला नको. पुढे तळं आटलं, बुजलं. पण नाव उरलं ‘तळ्यातला गणपती’. थंडीत या गणपतीला स्वेटर घालतात, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत हमखास येतात. आज सारसबागेत जिथे हिरवळीवर लोक पथारी पसरून बसतात, तो त्या तळ्याचा तळ आहे. मंदिराकडे जाताना दोन्ही बाजूंची जमीन खोलगट का, याचं उत्तर एवढंच.

खरं तर सारसबाग आधी वरून पाहावी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलं, की सगळा सखल भाग एका नजरेत येतो. पेशव्यांची बाग पेशव्यांसाठी होती. ती सर्वांची झाली नगरपालिकेच्या, पुढे महापालिकेच्या काळात. शेजारच्या पेशवे उद्यानात १९५३ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू झालं, १९५६ पासून फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. गाडी तिथेच राहिली. वाघ-हत्तींचा मुक्काम मात्र १९९९ पासून कात्रजच्या तलावाकाठी हलला. ओढ्याच्या खालच्या अंगाचे प्राणी वरच्या अंगाला गेले म्हणायचे.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान वयाने लहान, पण त्याचा नमुना जुना आहे. जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेवरून ते आखलं. ती बाग १७०० मध्ये पूर्ण झाली, तीही सरदारासाठीच. लोकांना ती १८८४ मध्ये खुली झाली. ‘असाही’ नावाच्या नदीच्या काठी वसलेल्या त्या बागेने १९३४ चा महापूर सोसला.

पुराचं आंबिल ओढ्यालाही वावडं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो असा फुगला, की भिंती कोसळल्या, शहर-परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. पाण्याच्या वाटेवर घरं दाटली, की असं होतं. या खोऱ्यात बागांपुरतीच जमीन मोकळी राहिली आहे, आणि त्या बागांना निव्वळ विरंगुळ्याची जागा मानणं मला पटत नाही. गोमाई नदीचा पूर पाहिलेल्या शहाद्याच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

जायचं तर सकाळी कात्रजपासून सुरुवात करा, दुपारनंतर पर्वती आणि दिवेलागणीला सारसबाग. बुधवार तेवढा टाळा. कात्रजचं प्राणिसंग्रहालय त्या दिवशी बंद असतं.