पेपर वाचतो, मग हातात काठी कशाला?

साताऱ्याहून पुण्याकडे निघालेल्या एसटीत मागे एकदा एक तरुण चढला. हातात पांढरी काठी. काठीने चाचपत तो खिडकीशी बसला, काठीची घडी केली, पिशवीतून वर्तमानपत्र काढले आणि चक्क वाचू लागला! माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मला कोपराने ढोसले. "बघा, तिकिटाच्या सवलतीसाठी लोक कसली सोंगं करतात!" खरे सांगायचे तर मलाही क्षणभर तसेच वाटले. वर्षानुवर्षे वर्गात प्रकाशशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला!

पुढे खंबाटकीचा बोगदा आला. (साताऱ्याला जाताना घाट चढावा लागे, येताना मात्र गाडी बोगद्यातून येई.) उजेड कमी होताच त्याने पेपर मिटला. खंडाळ्याला आम्ही दोघेही उतरलो. हे आमचे सातारा जिल्ह्यातले खंडाळा, लोणावळ्याजवळचे नव्हे. वाटेत ठेवलेल्या भाजीच्या पाटीला तो अडखळला आणि पायरी काठीनेच शोधून खाली आला. मी धीर करून विचारले, तसा तो हसला. "काका, मला अक्षर दिसतं, पायरी दिसत नाही. दाखल्यावर 'अंध' लिहिलंय. पेपर काढला की लोक चिडतात."

अक्षर दिसते आणि पायरी दिसत नाही, हे कसे?

आपण नजर ही दिव्यासारखी समजतो: एक तर लागलेला, नाही तर विझलेला. फार तर मंद. पण नजरेत निदान दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजाव्या लागतात. एक, किती बारीक दिसते. दुसरी, किती रुंद दिसते. डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. त्याच्या मध्यभागी, पीतबिंदूपाशी, शंकुपेशींची दाटी असते. बारीक अक्षर वाचण्याचे काम हा इवलासा भाग करतो. भोवतालच्या पसरट भागात दंडपेशी जास्त. एका डोळ्यात शंकुपेशी सुमारे ६० लाख, तर दंडपेशी सुमारे १२ कोटी! अंधुक उजेडात दिसते ते दंडपेशींमुळे.

त्या तरुणाला रेटिनायटिस पिग्मेंटोझा हा बहुधा आनुवंशिक असणारा विकार होता. त्यात सहसा आधी दंडपेशी निकामी होतात. म्हणून प्रथम रातांधळेपणा येतो, मग दृष्टिक्षेत्र कडेकडून आक्रसत जाते. मधला भाग पुष्कळ काळ टिकतो. आपल्याला दोन्ही डोळ्यांनी आडवे जवळजवळ १८० अंश दिसते. त्याला उरले होते सुमारे ८ अंश. आता त्रिकोणमिती वापरा. ४० सेंटिमीटरवर धरलेल्या कागदावर ८ अंशांत साधारण साडेपाच सेंटिमीटरचे वर्तुळ बसते. वर्तमानपत्राचा एक रकाना त्यात सहज मावतो! एक मीटरवर ते वर्तुळ होते १४ सेंटिमीटरचे. त्यात पायरी मावेल? आणि बाजूला ठेवलेली पाटी? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर ती व्यक्ती अंध ठरते, मग मधली नजर कितीही तीक्ष्ण असो. म्हणजे दाखला खरा, पेपरही खरा.

घरी करून पाहा. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची ३६ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर व्यासाची नळी करा. एक डोळा मिटून दुसऱ्याला ती लावा आणि आईने पाटावर वाढलेले ताट शोधा. चालून पाहायचे तर घरातच, कोणाचा तरी हात धरून. रस्त्यावर मुळीच नको.

आता उलटी तऱ्हा पाहू. उतारवयात पुष्कळांचा पीतबिंदूच झिजतो. काहींना तसा विकार लहानपणीही होतो. कडेची नजर शाबूत राहते. असा माणूस म्हशींच्या कळपातून बिनचूक वाट काढतो, पण समोरून आलेल्या सख्ख्या मामाला ओळखत नाही. लोक म्हणतात, शिष्ट झालाय! तुमच्याशी बोलताना तो तुमच्या कानाकडे बघत असेल, तर त्याचे लक्ष नाही असे समजू नका. चेहऱ्याची प्रतिमा चांगल्या भागावर पडावी म्हणून तो नजर मुद्दाम बाजूला ठेवतो. या पानावरच्या एका शब्दावर नजर रोवा आणि ती न हलवता पाच सेंटिमीटर पलीकडचा शब्द वाचून पाहा, म्हणजे त्याची मेहनत कळेल.

"मग चष्मा का लावत नाही?" हा प्रश्न अशांना रोज ऐकावा लागतो. जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवा, नाही तर आजोबांना विचारा. चित्र अस्पष्ट असले तर भिंग पुढेमागे करून ते स्पष्ट करता येते. पण पडदाच फाटला असेल तर? चष्मा हे भिंग आहे. दृष्टिपटल हा पडदा.

शिक्षकांसाठी थोडे गणित. डोळ्यांच्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता स्नेलेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरील ६/६ ओळीचे अक्षर ६ मीटरवरून ५ मिनिटांचा कोन करते (एका अंशाची ६० मिनिटे). ६/६० नजरेला त्याच्या दहापट, म्हणजे ५० मिनिटांचा कोन लागतो. फळ्यावर अक्षर ४ सेंटिमीटर उंच काढले, तर अशा मुलाला ते जेमतेम पावणेतीन मीटरवरून वाचता येईल. पहिला बाक, फार तर दुसरा. आणि पुस्तकातले अडीच मिलिमीटरचे अक्षर? सुमारे १७ सेंटिमीटरवरून, तेही कष्टाने. सुखाने वाचायला पुस्तक नाकाशीच न्यावे लागते. त्याने डोळे बिघडत नाहीत. त्यावरून त्याला रागावू नये.

तुमच्या वर्गात शेवटच्या बाकापासून फळा किती दूर आहे ते टेपने मोजा. त्या अंतराला ०.०१४५ ने गुणा. ६/६० नजरेच्या मुलाला तिथून वाचता यावे म्हणून अक्षर किती उंच हवे, ते येईल. तेवढे एक अक्षर फळ्यावर काढून पाहा, आणि एका ओळीत अशी किती मावतात ते मोजा.