लॉग कुठल्या क्रमाने लावायचे?

जानेवारी 2021 मध्ये बातमी आली: ब्रिटनच्या पोलीस नॅशनल कॉम्प्युटरमधून सुमारे 4 लाख नोंदी चुकून पुसल्या गेल्या. अशा वेळी कालचा बॅकअप तसाच परत टाकला, तर आजची नवी कामं जातात. एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसमध्ये म्हणूनच ट्रान्झॅक्शन लॉग असतो. प्रत्येक बदलाची रोजकीर्दच म्हणा ना.

समजा पूर्ण बॅकअप रात्री 12 चा, लॉग बॅकअप दर अर्ध्या तासाला, आणि चूक झाली पहाटे 3:20 ला. मग वेगळ्या प्रतीवर आधी पूर्ण बॅकअप लावायचा, त्यावर ओळीने 12:30, 1:00 असे लॉग, आणि 3:30 चा लॉग 3:19 पर्यंतच. मधला एक जरी हरवला तरी पुढचा लागत नाही. शेवटचा लॉग लागेपर्यंत डेटाबेस 'नोरिकव्हरी'त ठेवा. घाईने उघडलात तर पुन्हा पहिल्यापासून! नंतर पुसलेल्या नोंदी तिथून उचलून चालू डेटाबेसात आणायच्या.

इथे आणखी एक घोळ आहे, जो भारतात नसतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं 2 वरून 1 वर येतात, म्हणजे रात्री 1:30 दोनदा वाजतात. फाइलींची नावं स्थानिक वेळेवरून दिली असतील, तर आधीची कुठली? ते फाइलीच्या आत पाहायचं. प्रत्येक लॉग बॅकअपला सुरुवातीचा आणि शेवटचा क्रमांक असतो, एलएसएन. तो घड्याळासारखा मागे जात नाही. एका फाइलीचा शेवटचा क्रमांक तोच पुढच्या फाइलीचा पहिला.