पाण्यापासून सुरुवात : नॉर्समन विमानाची जडणघडण

पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत कॅनडाच्या उत्तर भागात विमानवाहतूक रुजली ती धावपट्ट्या नसतानाही, कारण तेथील असंख्य सरोवरे उन्हाळ्यात पाण्याची आणि हिवाळ्यात गोठलेली अशी सपाट जागा आयतीच पुरवीत असत. खाणमाल, टपाल व माणसे नेणारी लहान विमाने फ्लोटवर, म्हणजे विमानाखाली बसवलेल्या पोकळ, जलरोधक होड्यांवर, किंवा हिवाळ्यात स्कीवर उतरत; परंतु त्यांतील बहुतेकांची मूळ आखणी चाकांसाठी झालेली होती आणि फ्लोट हे मागाहून लादलेले ओझे ठरे. हा क्रम उलटवला तो फोकर व बेलांका या कंपन्यांत अनुभव घेतलेल्या, जन्माने डच असलेल्या रॉबर्ट नूर्डाइन यांनी. मॉन्ट्रियल येथे त्यांनी आखलेल्या नॉर्समन विमानात फ्लोट आधी गृहीत धरलेले होते, चाके व स्की नंतरची. आणि 14 नोव्हेंबर 1935 रोजी त्याचे पहिले उड्डाणही सेंट लॉरेन्स नदीच्या पाण्यावरूनच झाले.

पंख धडाच्या माथ्यावर असल्याने ते पाण्याच्या तुषारांपासून दूर राहत आणि विमान धक्क्याला लावताना आड येत नसत. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांचा लाकडी आणि वरचे आवरण कापडाचे होते. 1935 च्या मानाने ही रचना जुन्या वळणाची खरी, पण दुर्गम तळावर नळी सांधता येते आणि कापडाला ठिगळ लावता येते, हे पाहता ती निवड शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

खरी उणीव इंजिनात होती. पाण्यावर वेग घेताना फ्लोटला आरंभी पाणी कापत जावे लागते आणि पुरेशी ताकद मिळाली तरच तो पृष्ठभागावर चढून घसरू लागतो. त्याच्या तळाला दिलेली पायरी मागील भागाखाली हवा शिरू देऊन पाण्याची ओढ सोडवते. पहिल्या आवृत्तीचे 420 अश्वशक्तीचे राइट इंजिन या कामी अपुरे पडले आणि सुमारे 600 अश्वशक्तीचे प्रॅट अँड व्हिटनी वास्प बसवल्यावरच नॉर्समनचे गुण दिसले.

पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ती शेकड्यांनी घेतली. एकूण सुमारे 900 विमाने बांधली गेली, त्यांतील बहुसंख्य युद्धासाठीच. 1947 मध्ये उडालेल्या डी हॅविलँड बीव्हरने हेच काम पूर्ण धातूच्या बांधणीत आणि 450 अश्वशक्तीत साधले, तरी उत्तरेतील वाहतूकदारांनी नॉर्समन लगेच मोडीत काढली नाहीत, कारण वजनदार माल वाहण्यात ती बीव्हरपेक्षा सरस होती.