गाडीला कोन फिल्टर बसवलाय? पावसाळ्याआधी हे वाचा

मागच्या जुलैमध्ये घराजवळच्या रेल्वे पुलाखाली माझी गाडी बंद पडली. पाणी किती? टायरच्या निम्म्यापर्यंतही नव्हतं. शेजारून बस गेली, तिची लाट बंपरवर आदळली, इंजिनातून 'टक्' असा आवाज आला आणि सगळं शांत. माझ्या मागची गाडी अगदी तेच मॉडेल होतं, ती आरामात निघून गेली. फरक एकच. तिचा एअर फिल्टर कंपनीचा होता आणि माझा हौसेने बसवून घेतलेला लाल कोन फिल्टर, तोही खाली फॉग लॅम्पच्या मागे.

आणि मग मी ती चूक केली जी सगळे करतात. परत स्टार्टर मारला.

इंजिन हवा दाबतं, पाणी दाबता येत नाही. समजा गाडी १.२ लिटरची, चार सिलेंडरची आहे. म्हणजे एका सिलेंडरचे ३०० मिली. कॉम्प्रेशन रेशो ११:१ असेल, तर पिस्टन एकदम वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा फक्त ३० मिली. पोहे खायच्या मोठ्या चमच्याने दोन चमचे! त्याच्यापेक्षा जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागाच नाही. मागून क्रँकशाफ्ट ढकलतोय, पुढे पाणी हटत नाही, मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. माझा एक रॉड वाकला. बिलाचा आकडा सांगत नाही, पण त्यात एक बऱ्यापैकी आयफोन आला असता.

आता मूळ प्रश्न. कंपनीच्या गाडीत हे सहसा का होत नाही? कारण कंपनीचा फिल्टर बंद डब्यात असतो, हवा घेणारं त्याचं तोंड शक्य तितकं वर, बोनेटच्या कडेजवळ ठेवलेलं असतं आणि पुष्कळ डब्यांना खाली पाणी निथळायला छोटं भोकही असतं. दिसायला बोअरिंग डबा, पण बऱ्याच डोक्याने बनवलेला.

आफ्टरमार्केट इनटेकचे साधारण दोन प्रकार. शॉर्ट रॅम, ज्यात फिल्टर इंजिनजवळ वरच राहतो. तो गरम हवा ओढतो, पण पाण्यापासून बराच सुरक्षित. दुसरा कोल्ड एअर इनटेक, ज्यात थंड हवा मिळावी म्हणून लांब पाइप लावून फिल्टर खाली बंपरच्या किंवा फेंडरच्या आत नेतात. थंड हवा जास्त घट्ट असते, हे खरंच आहे. पण तिथे तुमचा फिल्टर रस्त्यापासून वीतभर-दोन वीत उंचीवर लटकतोय, हेही तितकंच खरं. तुमचा कोणता आहे माहीत नसेल तर बोनेट उघडा, पाइप कुठे जातो ते मोबाइलच्या टॉर्चने बघा. दोन मिनिटांचं काम.

मग उपाय काय? सगळ्यात जास्त विकला जातो तो प्री-फिल्टर, म्हणजे कोनवर चढवायचा पातळ कापडी मोजा. पाणी न चिकटणाऱ्या कोटिंगचं हे पॉलिस्टर असतं. मोबाइलच्या भाषेत सांगतो. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. हा मोजा फार तर पहिल्या जातीचा आहे. पाऊस, पुढच्या गाडीच्या चाकाचा फवारा, कच्च्या रस्त्याची धूळ यासाठी मस्त. पण फिल्टर पाण्यात बुडाला तर इंजिन हवेसारखंच पाणीही ओढणार, मोजा असो नाहीतर नसो. आणि कृपा करून कोणी प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका. इंजिन गुदमरेल. (गाडी धुताना, इंजिन बंद असताना चालेल. काढायला मात्र विसरू नका.)

मोज्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट फुकट आहे. चाकाच्या वरचं प्लास्टिकचं लायनर आणि बंपरखालचं कव्हर जागेवर आहे ना, ते तपासा. इनटेक बसवताना ते काढतात, कापतात आणि पुष्कळदा परत लावतच नाहीत. माझ्या गाडीत तेच झालं होतं. चाकाने उडवलेला चिखल थेट फिल्टरवर!

बायपास व्हॉल्व्ह नावाचाही प्रकार मिळतो. तो पाइपमध्ये फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये, वरच्या बाजूला बसतो. फिल्टर बुडून तिथून हवा येईनाशी झाली की हा उघडतो आणि वरची हवा आत घेतो. आयडिया चांगली आहे, पण टर्बो गाड्यांसाठी तो नाही आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंतच चढलं तर त्याचाही इलाज नाही.

धुळीचं नुकसान असं धाडकन होत नाही, म्हणून त्याकडे कोणी बघत नाही. पण हिशोब बघा. एक लिटर पेट्रोल जाळायला अंदाजे नऊ हजार लिटर हवा लागते. त्या हवेतली बारीक माती सिलेंडरच्या भिंतींवर पॉलिश पेपरसारखी घासते. फिल्टर काढून त्याच्या पुढच्या पाइपमध्ये पांढरं फडकं फिरवा. काळपट-लालसर धूळ आली तर फिल्टर गळतोय किंवा त्याचा क्लॅम्प ढिला आहे.

तेलाचा कॉटन फिल्टर धुता येतो, तेवढ्यासाठीच तर आपण तो घेतो. त्याचाच क्लीनर मारा, नळाच्या मंद धारेने आतून बाहेर धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. पेट्रोल, रॉकेल, कॉम्प्रेसरची हवा, काही नको. मग तेल हलक्या हाताने. जास्त ओतलंत तर ते उडून एमएएफ सेन्सरवर बसतं आणि गाडी हवेचं माप चुकीचं घेते. ब्लूटूथ ओबीडी डोंगल असेल तर अॅपमध्ये फ्युएल ट्रिम बघा. फिल्टर धुतल्यानंतर तो आकडा एकदम वर गेला असेल तर पहिला संशय इथे घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत एमएएफऐवजी मॅप सेन्सर असतो, त्यांना ही भीती नाही. आणि फिल्टर ड्राय प्रकारचा असेल तर तेल अजिबात लावू नका.

तरीही पाण्यात गाडी बंद पडलीच तर? इग्निशन बंद करा, न्यूट्रल करा, ढकलून बाहेर काढा, टो करून गॅरेजला न्या. तिथे आधी स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवतात, म्हणजे सिलेंडरमधलं पाणी प्लगच्या भोकातून बाहेर फेकलं जातं. मी स्टार्टर मारला नसता तर कदाचित एवढ्यावरच भागलं असतं.

विम्याचंही आत्ताच बघून ठेवा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाण्यामुळे झालेलं इंजिनचं असं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट अॅड-ऑन वेगळा घ्यावा लागतो. त्यातही पाण्यात पुन्हा पुन्हा स्टार्ट केलं, किंवा गाडीत केलेला बदल कंपनीला कळवलाच नव्हता, तर क्लेम अडकू शकतो. पॉलिसीची पीडीएफ मोबाइलमध्ये असेलच, त्यात हे कलम शोधा.

मी स्वतः आता काय करतो? जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कंपनीचा जुना डबा परत बसवतो. नशीब, तो माळ्यावर पडून होता. तुमचाही भंगारात देऊ नका.